मदत हवी आहे : बाससाठी सॉफ्ट प्लास्टिक आमिषं – कुठली घ्यायची आणि गळाला कशी लावायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या लेकाला मासेमारीचं वेड लागलंय. गांडूळ लावून ब्लूगिल आणि कॅटफिश तो आता सहज पकडतो. पण त्याला हवाय लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आणि तोही रबरी आमिषावर. घरात मासेमारी करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मीच शिकायला घेतलंय.

दुकानात या आमिषांची अख्खी भिंत आहे. वर्म, क्रॉ, लिझर्ड, स्विमबेट, ट्यूब, आणि प्रत्येकाचे वीस रंग. तिथल्या मुलाने जे दिलं ते आणलं: सात इंची, रिबनसारखी शेपटी असलेले वर्म, ३/० मापाचे ईडब्ल्यूजी (मोठ्या पोटाचे) गळ आणि अर्ध्या औंसाची गोळीच्या आकाराची शिसं. रॉड साडेसहा फुटी, मीडियम, स्पिनिंग रीलचा. दोरी १० पौंडी मोनो (साधी नायलॉनची).

अडचणी अशा:

वर्म ओढताना गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. गळाचं टोक आत लपवलं तरी प्रत्येक वेळी शेवाळाचा पुंजका घेऊनच वर येतं. टकटक जाणवते, हिसका दिला की काहीच नसतं, आणि वर्म गळावरून खाली घसरून गोळा झालेला असतो. कधी कधी नुसती शेपटी तुटलेली असते.

जागा दोन. एक घराजवळचं तळं, जेमतेम आठ फूट खोल, कडेने शेवाळ. दुसरी रे रॉबर्ट्स लेकचं स्टेट पार्क, तिथे पाण्यात बुडालेली झाडं खूप आहेत. होडी नाही, काठावरूनच टाकतो.

नेमकं काय घ्यावं आणि कसं लावावं, कुणी नीट समजावून सांगाल का? मुलाचा उत्साह टिकायला हवा, एवढीच इच्छा आहे.

---

पूर्वटेक्सासकर

ताई, तुम्ही योग्य राज्यात आहात. आजचा मऊ प्लास्टिकचा वर्म बनवला तो निक क्रीम नावाच्या माणसाने, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये, १९४९ साली. पुढे त्याने कारखाना हलवला तो आपल्या टायलर गावात. इथल्या तलावांत बुडालेली झाडंच झाडं, उघडा गळ टाकला की अडकलाच. म्हणून गळाचं टोक वर्मच्या पोटात लपवायची जी पद्धत इकडे रुळली, तिला टेक्सास रिग म्हणतात. तुम्ही तेच करताय, फक्त बारकावे सुटताहेत.

आधी वजन. आठ फुटी तळ्यात अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम, फार झालं. वर्म दगडासारखा खाली जातो आणि शेवाळात रुततो. १/८ औंस वापरा, वारा असेल तर ३/१६. बास बहुतेक वेळा आमिष खाली पडतानाच घेतो, त्यामुळे ते जितकं सावकाश पडेल तितका त्याला वेळ मिळतो. रे रॉबर्ट्सच्या झाडांत १/४ पर्यंत जा, त्याच्या वर नको.

आता लावण्याबद्दल. हे जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचं गरगर फिरणं इथूनच येतंय.

वर्म हातात घेऊन उजेडात धरा. साच्याची एक बारीक शिवण दोन्ही बाजूंनी गेलेली दिसेल. गळ त्या शिवणीच्या रेषेतच आत जायला आणि बाहेर यायला हवा. टोक वर्मच्या नाकात बरोबर मध्यभागी खुपसा, साधारण पाव इंच आत न्या आणि खालच्या बाजूने बाहेर काढा. वर्म गळाच्या दांडीवरून सरकवत वर न्या, नाक दोरी बांधायच्या छिद्राजवळच्या वाकड्या भागावर घट्ट बसलं पाहिजे. आता गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक वर्मकडे तोंड करेल. इथेच घाई होते. वर्म गळाच्या शेजारी मोकळा लोंबू द्या, गळाचा बाक जिथे येतो तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करा, आणि टोक त्या खुणेतूनच आत घाला. खुणेच्या पुढे, नाकाकडे घातलंत तर वर्म ताणला जातो, मागे, शेपटीकडे घातलंत तर मध्ये कुबड येतं. दोन्हींत तो पंख्यासारखा फिरणार.

टोक आरपार बाहेर काढा आणि मग वर्मची पाठ किंचित मागे ओढून टोक फक्त वरच्या कातडीत टेकवा. बोट फिरवलं तर टोचू नये, पण जरा दाबलं की जाणवावं. टोक पोटात खोल ठेवलं तर हिसका दिल्यावर ते सगळं रबर फाडून बाहेर यावं लागतं, आणि १० पौंडी मोनोच्या ताणात तेवढा जोर पोचत नाही.

शेवटचं म्हणजे गळ. ईडब्ल्यूजीचं पोट मोठं असतं, ते जाड आमिषांसाठी, क्रॉ किंवा लिझर्डसाठी. तुमच्या बारीक वर्मला साधा ऑफसेट वर्म हुक ३/० घ्या, पातळ तारेचा. पातळ तार कमी जोरात शिरते.

शेपटी तुटते ते ब्लूगिलचं काम. बासची टकटक वेगळी असते, एकदाच ‘ठक’ होतं आणि मग दोरी बाजूला चालायला लागते.

---

खाडीकिनारी

मी अलिबागचा, बास कधी पाहिला नाही. पण रबरी आमिषावर खाडीत जिताडा आणि तांबोशी पकडतो, आणि धरणाच्या बॅकवॉटरला मरळ. पद्धत तीच असल्याने लिहितोय.

कांदळवनाच्या मुळांत टाकायचं तर टोक लपवलेलंच हवं. पूर्वटेक्सासकरांनी कातडीत टेकवायचं म्हटलंय ते शंभर टक्के. मी पॅडल शेपटीचे चार इंची मासे वापरतो. त्यांच्या पाठीत बहुतेक वेळा खाच दिलेली असते, टोक त्या खाचेत झोपवायचं. मरळीसाठी पोकळ रबरी बेडूक, दोन गळ पाठीला चिकटलेले, तो शेवाळावरून सरपटत आणायचा. तुमच्या तळ्याच्या कडेला शेवाळाची चादर असेल तर बेडूक मुलाला द्याच. मासा चादर फोडून वर येतो तेव्हा पोरं उड्या मारतात.

ताई, एक विचारायचं होतं. शेवाळाचा पुंजका वर्मवर येतो की शिशावर?

---

कृष्णाकाठ

खाडीकिनारी, बघितलं. शिशावरच येतो! शीस आणि वर्म यांच्या मधल्या फटीत अडकतो.

पूर्वटेक्सासकर, नखाची खूण केली आणि बादलीत पाणी घेऊन ओढून पाहिलं, वर्म सरळ आला. लेकाने ती खूण स्वतः करायला घेतली आणि माझ्यापेक्षा नीट केली. मनापासून आभार.

आता दोन प्रश्न. हिसका नेमका कधी आणि किती जोरात द्यायचा? आणि मुलाच्या हाताला सोपं पडेल असं यापेक्षा काही आहे का? टेक्सास रिगमध्ये त्याचा हिसका कमी पडतो.

---

पूर्वटेक्सासकर

शिशाचं उत्तर सोपं आहे. दोरीत ओवायचा छोटा रबरी स्टॉपर मिळतो. तो शिशाच्या वर सरकवून शीस वर्मच्या नाकाला घट्ट टेकवा. मध्ये फट राहिली नाही की शेवाळ अडकायला जागाच राहत नाही. शेवाळ नसलेल्या मोकळ्या जागी स्टॉपर सैल करा, म्हणजे शीस आधी तळाला जातं आणि वर्म मागून तरंगत उतरतो.

हिसक्याबद्दल. ‘ठक’ झालं की रॉड आधी खाली, पाण्याच्या दिशेने. सैल दोरी झटपट गुंडाळा. दोरी ताठ झाली आणि पलीकडे जिवंत वजन जाणवलं की रॉड जोरात वर. ढील असताना हिसका दिला तर सगळा जोर ढिलीतच जातो. फार वाट बघू नका, मासा आमिष गिळतो आणि गळ घशात जातो, मग सोडताना त्याचे हाल.

मुलासाठी वॅकी रिग. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पाच इंची जाडसर, मीठ घातलेला सरळ वर्म घ्या. गॅरी यामामोटोंचा सेंको हा त्यातला मूळ. मिठामुळे तो इतका जड असतो की शीस लागतच नाही. मध्यभागी छोटं रबरी वळं चढवायचं, वळ्याखालून १/० चा उघडा गळ घालायचा. पाण्यात सोडला की दोन्ही टोकं फडफडत सावकाश खाली जातात. मुलाने काही करायचं नाही, टाकायचं आणि दोरीकडे बघत बसायचं. दोरी थांबली किंवा बाजूला सरकली की नुसतं गुंडाळायला लागायचं आणि रॉड हळूच वर. गळ उघडा असल्याने तेवढं पुरतं.

गळ उघडा म्हणून दाट फांद्यांत नको. तळ्यात, शेवाळाच्या कडेला समांतर टाका. मे महिना आहे, सकाळी कडेला आणि ऊन चढलं की सावलीत, एखाद्या पडक्या झाडाखाली किंवा धक्क्याखाली.

आणि दोरीचा पीळ कमी करायचा तर स्पिनिंग रीलची तारेची कडी हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. टाकल्यावर दोरी एकदा बोटाने ताणून मगच गुंडाळा.

---

पाचसरोवरे

मिशिगनहून लिहितेय. इथे बहुतेक स्मॉलमाउथ (बासचीच दुसरी जात), स्वच्छ पाणी आणि तळाला खडक, त्यामुळे आमचा जीव नेड रिगवर. कॅन्ससच्या नेड केहडींच्या नावाने ती ओळखली जाते. मशरूमच्या आकाराची छोटी जिग (डोक्यालाच वजन जडवलेला गळ), १/१० औंसाची किंवा त्याहून हलकी, आणि त्यावर पावणेतीन इंची बुटका वर्म. लहान आमिष असल्याने मासे जास्त लागतात, मोठे कमी. मुलाचा उत्साह टिकवायचा असेल तर हे सोनं आहे. मात्र यातही गळ उघडाच असतो, त्यामुळे रे रॉबर्ट्सच्या झाडांत ती वापरू नका.

नेडसाठी जे ताणणारं, तरंगणारं प्लास्टिक वापरतात, झेड-मॅनचं इलाझटेक, ते तळावर उभं राहतं आणि खूप टिकतं. पण ते बाकीच्या वर्मबरोबर एकाच डबीत ठेवू नका. दोन्ही एकमेकांना लागून वितळतात आणि चिकट लगदा होतो. आपापल्या मूळ पाकिटातच ठेवा.

रंगांवर इतका वेळ घालवू नका, ताई. पाणी स्वच्छ असेल तर ग्रीन पम्पकिन किंवा वॉटरमेलन. गढूळ असेल तर काळा-निळा किंवा जूनबग. झालं. गढूळ पाण्यात माशाला रंगापेक्षा आकृती दिसते, म्हणून गडद.

---

पूर्वटेक्सासकर

रंगांबद्दल सहमत, एक भर घालतो. टेक्सासातल्या उन्हाळ्यात लाल चमक असलेला वॉटरमेलन माझा हुकमी. पण आधी एकाच रंगाची दोन पाकिटं संपवा, मग दुसरा घ्या. रंग बदलत बसलं की आमिष पाण्यात कमी आणि हातात जास्त राहतं.

---

कृष्णाकाठ

तर माझी यादी अशी करते: पाच इंची वर्मचं एक पाकीट ग्रीन पम्पकिनमध्ये, रबरी वळी, १/० चे गळ, ३/० चे ऑफसेट गळ, १/८ आणि ३/१६ ची शिसं, स्टॉपर. सात इंची वर्म आहेतच. बेडूक वाढदिवसाला देईन. दोरी बदलू का?

आणि लायसन्स? मुलाला लागत नाही असं ऐकलंय.

---

पूर्वटेक्सासकर

वॅकीला १० पौंडी मोनो चालेल, सध्या पैसे घालू नका. पुढे झाडांत टेक्सास रिग टाकायला २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) घ्या आणि पुढे हातभर १२ पौंडी फ्लुरोकार्बन जोडा. ब्रेड ताणली जात नाही, मुलाचा हिसका टोकापर्यंत पोचेल. गळ बांधायला पालोमार गाठ शिका, आवळण्याआधी थुंकीने ओली करा.

टेक्सासात १७ वर्षांखालील मुलांना लायसन्स लागत नाही. तुम्ही स्वतः रॉड धरणार असाल तर तुम्हाला लागतं. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून करत असाल तर मात्र मोठ्यांनाही नाही, म्हणजे रे रॉबर्ट्सला पार्कमध्येच बसा. घराजवळच्या तळ्याला ही सवलत नाही. लार्जमाउथ ठेवायचा तर राज्यात सर्वसाधारण किमान लांबी १४ इंच आणि दिवसाला पाच, पण काही तलावांचे नियम निराळे आहेत. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला मासा सोडावाच लागतो. कुठल्याही नव्या तलावाला जायच्या आधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचं पान बघा.

---

खाडीकिनारी

लेकाला गळ काढायला शिकवताना एक पक्कड सोबत ठेवा आणि गळाची काटेरी नखी पकडीने दाबून सपाट करा. दोरी ताठ ठेवली तर मासा सहसा निसटत नाही, आणि पोराच्या बोटात गेला तर सरळ बाहेर येतो.

---

पाचसरोवरे

आणि बास धरताना हात ओले करून, अंगठा खालच्या ओठात. दोन पौंडांच्या वर असेल तर दुसरा हात पोटाखाली, नुसता जबड्यावर आडवा लटकवू नका. फाटलेले वर्म पाण्यात टाकू नका, मासे ते गिळतात आणि पोटात फुगून बसतात. एक रिकामी डबी खास त्यासाठी ठेवा.

---

कृष्णाकाठ

पक्कड आणि रिकामी डबी यादीत टाकली. शनिवारी पहाटे तळ्यावर वॅकी घेऊन जातोय. पाचसरोवरे, नेडच्या जिगचा गळ किती नंबरचा घेऊ, तेवढं सांगाल?

---

पाचसरोवरे

१/० किंवा त्याहून लहान, २ नंबरचा. १/० पेक्षा मोठा असेल तर बुटक्या वर्मची हालचाल मरते.