रात्री मागाच्या शेडमध्ये मधमाश्या येऊलेत, न मारता बाहेर कशा काढायच्या?

माग_वडगाव:
नमस्कार. आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागच्या अंगाला यंत्रमागाची शेड. दिवाळीपासून संध्याकाळी दिवे लावले की मोठ्या मोठ्या मधमाश्या आत येऊलेत. ट्यूबवर आपटतात, दमल्या की ताण्यावर पडतात. परवा कांड्या भरणाऱ्या मावशींना मानेवर चावली. कामगार झाडूनं मारतात, एकानं तर स्प्रे आणून ठेवलाय. सकाळी शेड झाडताना मेलेल्या माश्यांचा तो ढीग मला बघवत नाही. शेजारच्या पाण्याच्या टाकीखाली मोठं पोळं लागलंय, तिथल्याच असणार. रात्री उशिरापर्यंत माग चालतात, दिवे बंद ठेवणं जमत नाही. काय करावं?

जांबोटी_रोड:
ताई, या आग्या माश्या. उंचावर, उघड्यावर, एकच रुंद पोळं म्हणजे आग्याच. मी खानापूर तालुक्यात सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या लहान मधमाशीच्या, पेट्या ठेवतो. सातेरी अंधार पडायच्या आत घरी परतते. आग्या चांदण्या रात्रीही फुलांवर जाते, म्हणून तीच दिव्याला फसते. ती माणसावर धावून येत नाही, दिव्याकडे येते. एवढं कामगारांना पटलं तरी झाडू खाली ठेवतील.

आधी खिडक्यांना डासांची जाळी मारा आणि दाराला जाड पडदा लावा. पडदा दिवस मावळायच्या आधी ओढायचा, दिवे त्यानंतर. पांढऱ्या झगझगीत दिव्याकडे कीटक जास्त ओढले जातात, पिवळ्याकडे कमी. तुटलेला धागा दिसायला मागावर पांढरा लागणारच, पण तो खाली घ्या, वर झाकण बसवा, उजेड मागापुरताच पडू दे. दारावरचा आणि अंगणातला बल्ब मात्र आजच पिवळा करा.

तरी एखादी आत आली तर तिला बसू द्या. बसली की वरून ग्लास पालथा घाला आणि साडीच्या घडीत घालतो तो पुठ्ठा हळूच खालून सरकवा. लगेच अंगणात सोडलीत तर ती परत दिव्यावरच येणार. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक भोकं पाडून त्यात ठेवा. सोबत साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, साखर-पाणी निम्मं निम्मं. उघडी वाटी नको, बुडून मरते. बाटलीतला मधही नको, त्यातून माश्यांचे रोग पसरू शकतात. सकाळी ऊन पडलं की खोका उघडा, जाते आपली आपण. दिवसा आत शिरली तर याचीही गरज नाही. आतले दिवे घालवून एकच खिडकी उघडी ठेवा, उजेडाच्या दिशेनं बाहेर पडेल.

स्प्रे तेवढा शेडमधून काढाच. मरता मरता माशी गरगरते आणि सापडेल त्याला डंख मारते. ते औषध सुतावर बसतं आणि काम करणाऱ्यांच्या छातीतही जातं. झाडूनं चिरडणंही धोक्याचं. माशी डंख मारते किंवा चिरडते तेव्हा पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना चवताळून सोडतो.

शहापूर_गल्ली:
एवढं कोण करत बसणार? रात्री टेंभा लावून पोळं जाळा, विषय संपला. आमच्याकडं तसंच केलं होतं.

जांबोटी_रोड:
दादा, हात जोडून सांगतो, हे करू नका. पेटलेल्या पोळ्यावरच्या माश्या रात्रीच्या रात्री उठतात आणि उजेड दिसेल त्या घरात शिरतात. ज्या शेडसाठी ही धडपड चालली आहे, तिथंच त्या आधी जातील. खालून चाललेलं म्हातारं माणूस, एखादं पोर सापडलं तर जीव जाऊ शकतो. शिवाय आग्या वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी येते, जाळून जागा सुटत नाही. ही वस्ती एरवीही कायमची नसते, पावसाळ्याच्या तोंडाला उठून जाते. तोवर आपल्या भागातल्या जांभळीवर, करंजीवर हीच राबते. वर्षाचा मोहोर हिच्या अंगावर असताना हिलाच जाळायचं, हे मला सोसत नाही.

टाकीखाली धूर, फटाके, पोरांची दगडफेक एवढं टाळलं तरी पुष्कळ. जागा खरंच अडचणीची असेल तर कर्नाटकात मधमाशीपालन तोटगारिके (बागायत) खात्याकडे आहे. तालुक्याच्या ऑफिसात विचारलं तर पोळं हलवणाऱ्या जाणत्या माणसाची माहिती मिळू शकते.

सिस्टर_टिळकवाडी:
मावशींसाठी सांगते. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो आणि त्याच्यासोबतची विषाची पिशवी नंतरही विष सोडत असते. म्हणून नखानं, हाताला येईल तसा, पण ताबडतोब काढायचा. मग साबणानं धुऊन बर्फ लावायचा. चुना लावू नका, कातडी भाजते. ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली तर वाट न बघता दवाखाना गाठा. एकाच वेळी बऱ्याच माश्या चावल्या तरीही तेच. एकदा अशी रिअॅक्शन आलेल्या माणसाला पुढच्या वेळी जास्त जपायला हवं. मावशींना तेव्हा असं काही झालं होतं का?

माग_वडगाव:
नाही सिस्टर, नुसती सूज होती, दुसऱ्या दिवशी उतरली. काटा मात्र बराच वेळ तसाच राहिला होता, आता सगळ्यांना सांगून ठेवते. पिवळे बल्ब आजच आणले. स्प्रे काढून टाकला. जाळीवाला रविवारी येतोय. एक विचारायचं राहिलं: पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट आहे, तिथून येत असतील का?

जांबोटी_रोड:
येणारच, उजेड तिथूनच बाहेर दिसतो. रविवारी तिथंही जाळी मारून घ्या. पोती कोंबून बुजवू नका, उन्हाळ्यात शेडमधली गरम हवा तिथूनच बाहेर जाते.