गंज काढताना मीठ नको, धुण्याचा सोडा घ्या

विळी-कोयत्यावरचा गंज विद्युत अपघटनाने, म्हणजे पाण्यातून वीज सोडून, काढायला काही जण पाण्यात मीठ घालायला सांगतात. तसं करू नका. मिठाने धनाग्रावर (धन टोकाला जोडलेल्या पत्र्यावर) क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो.

गंजलेली वस्तू ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाचा पत्रा. उलट जोडलंत तर कोयताच झिजेल! स्टेनलेस स्टीलचा पत्रा स्वस्तात मिळाला तरी वापरू नका. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. वस्तू आणि पत्रा एकमेकांना टेकले की शॉर्ट सर्किट. पत्र्यासमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून वस्तू अधूनमधून फिरवा.

12 व्होल्ट, 2 अँपिअर भरपूर झाले. नवे 'स्मार्ट' बॅटरी चार्जर बॅटरी जोडलेली नसेल तर बहुधा सुरूच होत नाहीत, साधा 12 व्होल्टचा डीसी अडॅप्टर बरा. 2 अँपिअरने तासाला साधारण 0.9 लिटर हायड्रोजन निघतो, तेव्हा बादली उघड्यावर, ठिणगीपासून लांब. वस्तूला हात लावण्याआधी वीज बंद.

अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेली वस्तू यात घालू नका, सोडा ती खातो. विळीची लाकडी पाटही आधी काढा. उरलेला काळा थर ब्रशने निघतो. मग लगेच पुसून, वाळवून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होईल.