मदत हवी आहे : नोकरी सांभाळून वाचन-शिक्षणात पदव्युत्तर पदवी कुठून करावी?

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्हा परिषद शाळेत पहिली ते तिसरीला शिकवते. बी.ए., डी.एड. झालंय. विषय पक्का आहे : घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांचं मराठी वाचन.

एम.एड. २ वर्षांचं आणि पूर्णवेळ, म्हणजे अध्ययन रजा आलीच. दूरस्थ एम.ए. शिक्षणशास्त्र नोकरीसोबत जमतं, पण त्यात वाचनावर किती भर असतो? नुसता 'भाषा अध्यापन' नावाचा एखादा पेपर पुरणार नाही. मला प्रबंध वाचनावरच करायचा आहे आणि मार्गदर्शकही त्यातलेच हवेत.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. पण नुसते शब्द मोजून अडचण कळत नाही. 'रस्ता'चं 'रसता' झालं तर जोडाक्षरावर काम हवं. 'माझी वही'चं 'माझा वही' झालं तर अक्षरओळख बहुधा ठीक असते. कन्नडमध्ये वस्तू नपुंसकलिंगी, म्हणून मराठीतलं लिंग चुकतं. दोन्हींवर उपाय वेगळे, आणि हे तपासायचं रीतसर शिक्षण मला हवंय.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या शिक्षकांनी तर जरूर सांगा :
१. असा प्रबंध कोणत्या विद्यापीठात मान्य झाला?
२. शिक्षण विभागाची परवानगी प्रवेशाआधीच घेतलीत ना? अर्जाला काय काय जोडलं?
३. दूरस्थ अभ्यासक्रमाची संपर्क सत्रं (प्रत्यक्ष वर्ग) सुट्टीत येतात की शाळेच्या दिवसांत?