मदत हवी आहे: नर्सच चालवतात त्या दवाखान्याचा दर्जा मोजायचा कसा?

खोडरबर: आश्रयार्थींचं केंद्र आहे, पहिली तपासणी नर्सच करतात. ४० केसपेपर घेतले. आम्ही दोघांनी वेगवेगळे गुण दिले, तर कॅप्पा (योगायोग वगळून उरलेलं एकमत, १ म्हणजे पूर्ण) ०.३१! गाइडना सोमवारी आराखडा हवाय. काय करू? प्लीज लवकर.

आकडेमोड: कसले गुण? निकष कुठले? दुसरं कोण, नर्स की डॉक्टर?

खोडरबर: मी नर्स, ते डॉक्टर. 'काळजी योग्य होती का', हो/नाही.

आकडेमोड: मग भांडण होणारच. 'योग्य' म्हणजे काय ते आधी लिहून काढा: धोक्याची लक्षणं विचारली का, रेफर वेळेत केलं का, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं का. शिवाय बहुतेक उत्तरं 'हो' असतील तर एकमत चांगलं असूनही कॅप्पा पडतो. नुसती टक्केवारी किती?

खोडरबर: ८० च्या आसपास.

आकडेमोड: हे आधी सांगायचं ना!

शंखध्वनी: मुळात नर्स ती नर्स. डॉक्टर नेमा, प्रश्न मिटला.

वाटसरू: शंखध्वनी, २०१८ चा कॉक्रेन आढावा वाचा, असे आढावे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासतात. रुग्णांवरच्या १८ तुलनात्मक चाचण्या, प्राथमिक सेवेत नर्सकडच्या रुग्णांची तब्येत बहुतेक बाबतींत डॉक्टरांकडच्यांइतकीच किंवा थोडी बरी.

शंखध्वनी: त्या चाचण्यांत आश्रयार्थी किती होते?

वाटसरू: हा मुद्दा मान्य. खोडरबर, आरोग्यसेवेचा दर्जा मोजायची डोनाबेडियन या अभ्यासकाची १९६६ ची विभागणी घ्या: रचना (माणसं, साधनं), प्रक्रिया (काय केलं), परिणाम (तब्येतीचं काय झालं). फक्त परिणामांच्या मागे लागू नका, माणसं दुसऱ्या केंद्रात हलवली की पाठपुरावा तुटतो.

मावशी_ऑनलाइन: माझ्या भाचीला नर्सिंगला जायचंय, परदेशात नोकरी मिळते का हो?

तिरफळ: आश्रयार्थी की निर्वासित? अर्जावर निर्णय व्हायचा असेल तर आश्रयार्थी. १९५१ च्या निर्वासितांबाबतच्या करारात…

वाटसरू: त्यावर वेगळा धागा काढा. खोडरबर, दुभाषी कोण होतं?

खोडरबर: रकाना आहे, पण बहुतेक रिकामाच. एक समोरच आहे: 'डोकं दुखतं, झोप नाही. पॅरासिटामॉल.' दुभाषी: 'मुलगा, ९ वर्षे'. डॉक्टरांनी 'योग्य' दिलंय, मी 'नाही'.

वाटसरू: नऊ वर्षांच्या पोरासमोर आई झोप का उडाली ते सांगेल? आणि पोराला तरी ते कसं सांगता यावं? हा निकष सगळ्यात वर घाला. रिकामा रकाना म्हणजे 'दुभाषी नव्हता' असं मात्र धरू नका, 'नोंद नाही' असा तिसरा पर्याय ठेवा.

खोडरबर: मग ४० परत तपासायचे?

आकडेमोड: आधी १० तपासा, दोघांनी एकत्र बसून. आणि डॉक्टरांना तो पेपर दाखवा.

मावशी_ऑनलाइन: भाचीचं कोणी सांगेल का?