इंकजेट प्रिंटरचा खडखडाट थांबत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्याला घरी इंक टँकवाला प्रिंटर आहे. पावसाळा लागल्यापासून छापताना भयंकर वाजतो. हेड (शाई सोडणारा, इकडून तिकडे सरकणारा भाग) उजव्या टोकाला, म्हणजे जिथे ते थांबतं तिथे पोचलं की गिअरचे दात घसरल्यासारखं कट्ट-कट्ट होतं. मधे नुसती किरकिर. छपाई अजून स्वच्छ येते, एरर नाही.

टॉर्च मारून बघितलं, आत कागद अडकलेला नाही. कागद न घालता चालू केला तरी आवाज येतोच, तेव्हा कागद ओढणाऱ्या रोलरचा दोष नसावा. हेड ज्या लोखंडी दांडीवरून सरकतं तिच्यावरचं ग्रीस मात्र काळं, घट्ट झालंय आणि एका बाजूला तांबूस डाग दिसतात. आपल्याकडची दमट हवाच नडली असणार.

दांडी पुसून शिलाई मशीनचं तेल लावलं तर चालेल, की ग्रीसच हवं? मागच्या पारदर्शक पट्टीला तेल लागलं तर हेडला आपली जागा कळत नाही, म्हणून हात लावायला धजत नाही. उजवीकडचा आवाज शाई ओढणाऱ्या पंपाचा असू शकतो का? फोंडा-मडगाव भागात घरी येऊन बघणारा कोणी भरवशाचा असेल तर कृपया सांगा. चवथीआधी आरत्यांच्या प्रती काढायच्या आहेत.