मदत हवी आहे : 'एक होता कार्व्हर'नंतर काय वाचायला द्यावं?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ लातूरकडे घरची शेती बघतो. सोयाबीन आणि हरभरा. वाचनाची आवड अजिबात नव्हती. दिवाळीत वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', म्हणजे अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र, हातात दिलं आणि पठ्ठ्याने तहानभूक विसरून वाचून काढलं. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी घ्यायला सांगणारा तो माणूस त्याच्या मनात घर करून बसलाय. भावाने लगेच शेतात ठिकठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेतले, 15-20 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घमेल्यात कालवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत अर्धा किलो नमुना उरवला आणि तपासणीला दिला. बघून फार बरं वाटलं.

आता तो पुढचं पुस्तक मागतोय. यशाची सूत्रं सांगणारी नकोत, त्यांचा उत्साह चार दिवस टिकतो. मातीचा सामू (ती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणखतातून मातीत येणारा कार्बन) नीट समजावणारं काही आहे का? स्वतः प्रयोग करणाऱ्या माणसांची चरित्रंही चालतील. पण सगळ्यात जास्त गरज आहे ती शेतीच्या हिशेबावरच्या पुस्तकाची. बियाणं, खत, मजुरी तो वहीत मांडतो. आईबाबांचे स्वतःचे कष्ट, बैलांचा चारा, हे खर्चात कसं धरायचं तिथे अडतो.

मराठीच हवं. अनुवाद असेल तर भाषा सोपी आहे का, तेही सांगा. तालुक्याच्या वाचनालयात मिळण्यासारखी पुस्तकं आधी सुचवलीत तर फार उपकार होतील.