नोकरी, लोकल, घर... यात स्वतःच्या तब्येतीसाठी वेळ कुठून काढता? सल्ला हवा

निशिगंधा:
नमस्कार मंडळी,
वय ४२, बँकेत नोकरी. घर बदलापूरला, शाखा फोर्टमध्ये. सकाळी सातच्या आसपासची लोकल पकडते, परत घरी पाय टाकते तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. घरी नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई (७४, गुडघे दुखतात). धुणीभांडी-लादीला मावशी आहेत. स्वयंपाक माझ्याकडे.
गेलं वर्षभर थकवा जातच नाही. पूल चढताना धाप लागते, केस मूठभर गळतात, पाळीत फार जातं, कंबर धरते. रविवार झोपून काढला तरी सोमवारी तीच गत. बाळंतपणानंतर थायरॉइड निघाला होता, २५ ची गोळी तेव्हापासून चालू आहे. हल्ली लहानशा गोष्टीवरून मुलावर चिडते आणि मग रात्री वाईट वाटत राहतं.
सगळे म्हणतात 'स्वतःसाठी वेळ काढ'. पहाटे पाचला उठतेच आहे, त्यामुळे 'अजून लवकर उठून योगासनं कर' हे मला शक्य नाही. पार्लर-स्पाबद्दल विचारत नाहीये. रोजच्या दिवसात बसेल असं, तुम्ही खरोखर करता असं काही असेल तर सांगा. व्यायाम, खाणं, झोप, काहीही चालेल.

रानजाई:
अगं, वेळेचं नंतर बघू. आधी रक्त तपासून घे.
मी सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. धाप, केस, थकवा, जास्त पाळी, हे चारही एकत्र घेऊन आलेल्या बायका रोज बघते. कॅल्शियमच्या गोळ्या, केसांचं तेल, प्रोटीन पावडर सगळं घेऊन झालेलं असतं, फक्त सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, केलेली नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या अवस्थेतच कामाला जातायत आणि स्वतःलाच आळशी म्हणवून घेतायत, याचा मला मनापासून राग येतो.
सीबीसी, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची), बी१२, ड जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) एवढं करून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात. फेरिटिन मुद्दाम सांगतेय, कारण हिमोग्लोबिन साडेबारा असलं की 'ठीक आहे' म्हणून कागद बाजूला ठेवला जातो आणि शरीरातला लोहाचा साठा मात्र संपत आलेला असतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर त्यावर डॉक्टरांशी नीट बोल. टीएसएचही आत्ताचा हवा. बाळंतपणानंतर ठरलेला डोस इतक्या वर्षांनी पुरतोय की नाही, हे तपासल्याशिवाय कळणार नाही.
पाळी सात दिवसांच्या वर चालत असेल, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी जात असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी कर. रक्तस्राव तसाच ठेवून लोहाच्या गोळ्या घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून टाकी भरणं. 'चाळिशीत होतंच' म्हणून अंगावर काढू नकोस. फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असू शकतं, थायरॉइडमुळेही होतं, आणि दोन्हींवर उपाय आहेत. तिथे गेलीच आहेस तर गर्भाशयमुखाची तपासणीही करून घे. तिशीनंतर ती हवीच, सरकारी रुग्णालयात पैसे पडत नाहीत.

कडीपत्ता:
रानजाईला शंभर टक्के अनुमोदन.

खडीसाखर:
खाण्यातलं आणि गोळ्यांचं मी लिहिते, मी आहारतज्ज्ञ आहे.
बायकांच्या गोळ्यांचा गोंधळ सकाळच्या चहापाशी होतो. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. लोह आणि कॅल्शियम एकमेकांबरोबरही नाही. पाचला उठतेस तर उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, चहा सहाला. डॉक्टरांनी लोह दिलंच, तर ते दुपारी अकरा-साडेअकराला लिंबूपाण्याबरोबर, आणि त्याच्या मागेपुढे तासभर ऑफिसचा चहा टाळायचा. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. हे एकदा कागदावर लिहून फ्रीजवर लाव, मग डोक्यात ठेवावं लागत नाही. लोहाच्या गोळीने पोट बिघडत असेल तर ती बंद करू नकोस, 'दिवसाआड चालेल का' असं डॉक्टरांना विचार. अनेकींना ते सोसतं.
जेवणात पालेभाजी, कडधान्य, बाजरी असेल तर वर लिंबू पिळ. क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर त्यातलं बरंचसं वाया जातं. अळिवाचे लाडू चांगले, फक्त दिवस गेले असतील तर नकोत.
पर्समध्ये एक डबी कायम असू दे: भाजलेले चणे-शेंगदाणे आणि गूळ, किंवा खजूर, किंवा राजगिऱ्याची वडी. संध्याकाळी साडेपाच-सहाला, लोकल पकडायच्या आधी खायचं. तुझी रात्रीची चिडचिड बरीचशी तिथून येत असेल. दुपारी एकच्या डब्यानंतर रात्री नऊला ताट, मधे आठ तास पोटात फक्त चहा-बिस्कीट. त्यात कुणाचाही तोल जाईल.

मध्यरेल्वे:
लोकलचं मी सांगते, डोंबिवलीहून रोजचा प्रवास.
जाताना उभं राहावं लागतं ते सोडून दे. परतताना तू सीएसएमटीहून बसतेस, म्हणजे एखादी गाडी सोडलीस तर खिडकी नाहीतर निदान बसायला जागा मिळते. ती पावणेदोन तासांची जागा स्वयंपाकघराला देऊ नकोस. आपल्या डब्यात निम्म्या बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, त्यात मजाही आहे, गप्पा आहेत, मीही वर्षानुवर्षं केलं. पण दिवसभरात बसायला मिळणारा तेवढाच वेळ आहे. मी डोंबिवली यायच्या आधीचा गजर लावून डोळे मिटते. कानात गाणी, नाहीतर काहीच नाही. कधी भजनवाल्या बायकांमध्ये जाऊन बसते. १९९२ साली महिला विशेष गाड्या सुरू झाल्या तेव्हापासून डब्यातली ही सोबत चालत आलेली आहे. डोहाळजेवणापासून निवृत्तीच्या पेढ्यांपर्यंत सगळं तिथे होतं. घरी कुणाशी बोलता येत नाही ते तिथे बोलता येतं, आणि हीसुद्धा तब्येतच आहे.
दुसरं, पाणी. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांच्या भीतीने आपण सकाळपासून पाणीच पीत नाही, लघवी धरून ठेवतो, आणि मग जळजळ, ताप, अँटिबायोटिक. मुंबईत 'राइट टू पी' चळवळ २०११ मध्ये उभी राहिली ती याच त्रासातून. मी ऑफिसात पोचल्यावर एक बाटली आणि जेवणानंतर एक बाटली संपवते, आणि निघण्याआधी दहा मिनिटं ऑफिसातच जाऊन येते. दीड-दोन लिटर पाणी असं पोटात जातं आणि प्रवासात अडचण येत नाही.

अक्षरा:
सगळे सल्ले चांगले आहेत, पण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. निशिगंधाच्या दिवसात मोकळा वेळ नाहीच, तर तो कुणाच्या तरी वाट्याला काम देऊनच निघणार.
२०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आलं, पुरुषांचा ८८ मिनिटं. हे अंतर तसंच ठेवून 'रोज वीस मिनिटं ध्यान कर' सांगायचं म्हणजे तिच्या झोपेतली वीस मिनिटं काढायची. मला असले सल्ले अन्यायाचे वाटतात. घरात तीन मोठी माणसं आहेत आणि एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा. स्वयंपाक एकटीचा का?

दिगंत:
अक्षराताईंशी सहमत. नवऱ्याच्या बाजूने लिहितो. बायको रुग्णालयात रात्रपाळी करते, मी शिक्षक.
आमच्याकडे 'मदत' चालली नाही. मी विचारायचो, काय करू? मग ती सांगणार, मी करणार, म्हणजे आठवणीत ठेवायचं काम तिचंच राहायचं. आता काम पूर्णच्या पूर्ण वाटलंय. मुलांचा डबा माझा: आठवड्याचा बेत मी ठरवतो, भाजी मी आणतो, कणीक मी मळतो, पोळ्या मी लाटतो, डबे घासायला मी काढतो. शाळेच्या ग्रुपवर 'उद्या फळ आणा' आलं तर ते वाचण्याची जबाबदारीही माझी. तिने त्यात बघायचं नाही, चवीबद्दल बोलायचं नाही. सुरुवातीला पोळ्या कडक व्हायच्या, मुलं कुरकुरायची, ती गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं फार महत्त्वाचं होतं.
निशिगंधाताई, तुमच्या यजमानांना एकच काम द्या, पण अख्खं द्या. सकाळचा डबा दिलात तर तुम्हाला पाचऐवजी पावणेसहाला उठता येईल.

मंजिरी_नाशिक:
ज्यांच्या घरी वाटायला दुसरं माणूस नाही त्यांनी काय करायचं? मी एकटी, मुलगी नऊ वर्षांची, आई-वडील गावी.

अक्षरा:
मंजिरी, मग काम वाटायचं नाही, कमी करायचं. आठवड्यातले दोन दिवस पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या. एक दिवस मुगाची खिचडी, ताक, पापड, आणि त्यात कमीपणा नाही. इस्त्री बाहेर. मुलीला डबा भरणं, कपड्यांच्या घड्या घालणं जमतं या वयात. स्वतःच्या हाताने केलेल्या पोळीपेक्षा मुलीला झोप झालेली आई जास्त हवी आहे.

मंजिरी_नाशिक:
हे वाचून बरं वाटलं. खरंच.

पाठकणा:
कंबरेचं लिहिते, मी फिजिओथेरपिस्ट. तासभर मिळाला तरच व्यायाम, हे डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सूचना सुधारल्या, त्यात एका वेळी निदान दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, तुकड्या-तुकड्यांत चालतो. सीएसएमटी ते शाखा भरभर चाललात की ती मिनिटं जमा.
स्नायूंसाठी: ऑफिसात हात नसलेली, चाकं नसलेली खुर्ची. पुढच्या कडेवर बसा, पाऊल गुडघ्यापेक्षा जरा मागे, हात छातीशी. पुढे झुकून टाचांवर भार देत उठा, मग तीन मोजत हळू बसा. धपकन बसायचं नाही, त्या हळू बसण्यातच मांड्या आणि नितंब काम करतात. दहा वेळा, जेवणाच्या आधी आणि चहाच्या आधी. कुकरच्या शिट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून तिरक्या जोर-दंडांची एक फेरी. एवढं महिनाभर झालं की कंबरेत फरक जाणवेल. मात्र पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर आधी दाखवा. आणि रानजाईताई म्हणतात तसं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं तर ते वर येईपर्यंत जोर लावू नका, नुसतं चाला.

सायली_के:
ताई, वाईट वाटत राहणं, रडू येणं हे दोन आठवड्यांच्या वर रोज होत असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी केलाय. नीट ऐकून घेतात.

निशिगंधा:
सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. काल रात्री दिगंत यांचा प्रतिसाद यांना वाचायला दिला. थोडा वेळ शांत होते, मग म्हणाले, डबा नको, रात्रीचं जेवण माझ्याकडे घेतो, कारण ते सहालाच घरी येतात. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, खुर्चीत बसून भाजी मी निवडून-चिरून देईन, मला कुणी विचारलंच नाही. मुलगा कुकर लावायला शिकणार आहे.
दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. या दुसऱ्या शनिवारी सकाळी रक्त द्यायला जाणार आणि दुपारची स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. रानजाई, त्या दिवशी थायरॉइडची गोळी घेऊन जायचं का? आणि उपाशी जायचं का?

रानजाई:
छान केलंस! गोळी बरोबर ने, रक्त दिल्यावर घे, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता. यातल्या तपासण्यांना उपाशी राहायलाच हवं असं नाही, पण सकाळी लवकर आणि शक्यतो काही न खाता गेलीस तर फेरिटिन-टीएसएच दरवेळी सारख्याच वेळेचे मिळतात, पुढे तुलना करायला बरं. साधं पाणी पिऊन जा, शीर पटकन सापडते.
एक विचारायचं राहिलं: केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर निदान दोन दिवस आधी बंद कर आणि लॅबमध्ये सांग. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. दुपारी डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दिवसाला किती पॅड लागले ते लिहून ने, त्या पहिलं तेच विचारतील. रिपोर्ट आले की इथे टाक.